यंत्राच्या लेखी मी कोण?

फाइल दिसते. उघडते. आतला मजकूर वाचता येतो, प्रिंटही निघते. दोन ओळी दुरुस्त करून सेव्ह म्हटलं की मात्र यंत्र अडून बसतं: तुम्हाला परवानगी नाही. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना त्या क्षणाची चिडचिड सांगायला नको. फाइल आपली, कार्यालय आपलं, संगणक आपल्याच पैशानं घेतलेला, आणि नाही म्हणणारा हा कोण?

सांगलीतल्या एका दिवाळी अंकाच्या कार्यालयात मी संगणकांचं काम बघते. अक्षरजुळणीचं यंत्र विंडोजवर आहे, कारण अक्षरजुळणी करणाऱ्या काकांचा हात ज्या जुन्या फाँटवर बसलाय ते फाँट आणि त्यांचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. मागचे बहुतेक अंक त्याच फाँटमध्ये आहेत, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीचे. मांडणी आणि चित्रं करणारी मुलगी मॅकवर काम करते. मुद्रितशोधन करणाऱ्या बाई घरून स्वतःचा लॅपटॉप आणतात, त्यावर विंडोज आणि वर्ड. या सगळ्यांच्या फाइल ठेवायला टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी प्रणाली. गणपती झाले की या चौघांमध्ये फाइलींची जी ये-जा सुरू होते ती शेवटची फाइल छापखान्यात पोचेपर्यंत थांबत नाही, आणि परवानगीचं दुखणं नेमकं त्याच दिवसांत डोकं वर काढतं.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडून एकच उपाय येतो: सगळं सगळ्यांना खुलं करून टाक. लिनक्सवर त्याला एक आज्ञा आहे, चमॉड 777. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, मिळून सात. मालकाला सात, गटाला सात, उरलेल्या जगाला सात. विंडोजवर तेच काम ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन होतं. मिनिटभरात काम होतं आणि सगळे खूश होतात. मी हे करत नाही, आणि का करत नाही ते समोरच्याला समजावून सांगण्यात जाणारा वेळ मला कधीच वाया गेलेला वाटत नाही.

आमच्या त्या डेस्कटॉपवर नुसते लेख नाहीत. लेखकांचे पत्ते आहेत, मानधन पाठवण्यासाठी घेतलेले बँक खात्यांचे नंबर आहेत, अजून कुठंही न छापलेल्या कविता आहेत. लोकांनी विश्वासानं दिलेल्या या गोष्टी. दुसरं असं की फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्याच्या संगणकावर शिरतो त्याच्याच अधिकारांनी काम करतो. त्या माणसाला जिथं जिथं लिहिता येतं तिथं तिथं व्हायरसलाही लिहिता येतं. जुने अंक सगळ्यांना फक्त वाचायला ठेवले असतील तर ते अशा वेळी शाबूत राहायची आशा असते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा असाच व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या आवृत्तीतल्या, एसएमबी 1 मधल्या चुकीतून. त्याच महिन्यात लिनक्सवर फाइल वाटणाऱ्या सांबा या प्रोग्रॅममध्येही एक गंभीर चूक जाहीर झाली, 2010 पासूनच्या आवृत्त्यांत असलेली. ती चूक वापरायला हल्ला करणाऱ्याला आधी एक गोष्ट लागायची: लिहिता येईल असा शेअर केलेला फोल्डर. सगळ्यांना सात देणाऱ्यांनी तो तयारच ठेवलेला होता.

म्हणून मी परवानगीकडे आधी वळतच नाही. आधी विचारते, यंत्र या माणसाला कोण समजतंय?

काकांच्या बाबतीत नेमकं हेच निघालं. ते विंडोज 10 वर बसत, कॉमन फोल्डर उघडत, लेख वाचत, पण सेव्ह होत नसे. मी लिनक्सवर एसएमबीस्टेटस ही आज्ञा दिली. या क्षणी कोण कोण जोडलेलं आहे आणि कोणत्या नावानं, हे ती दाखवते. काकांच्या संगणकाच्या पत्त्यासमोर काकांचं नाव नव्हतं. तिथं होतं ‘नोबडी’. विंडोजवर त्यांचं लॉगिन ‘अॅडमिन’ या नावाचं, आणि लिनक्सवर अॅडमिन नावाचं कुणीच नव्हतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराबरोबर येणाऱ्या सांबाच्या मांडणीत, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, एक ओळ आधीपासूनच असते: अनोळखी नाव आलं तर त्याला पाहुणा समज. त्यामुळे पासवर्ड विचारला गेला नाही, चूक दाखवली गेली नाही, काका नुसते पाहुणे म्हणून आत आले. पाहुण्याला वाचायची मुभा होती, लिहायची नव्हती. यंत्रानं आपला नियम चोख पाळला होता. त्याला काका भेटलेच नव्हते.

‘बघा काका, तुम्ही इथं नोबडी आहात,’ असं त्यांना पडद्यावर दाखवलं तेव्हा ते खुर्ची पुढं ओढून बसले. एवढी वर्षं ‘नेटवर्क लागत नाही’ हेच त्यांना माहीत होतं. त्यांच्या नावाचं खातं काढलं, सांबाचा पासवर्ड वेगळा दिला (लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून सांबाचा आपोआप बदलत नाही, दोघांच्या नोंदी वेगळ्या), आणि त्यांच्या हातानं तो टाकून घेतला.

तरी लागेना. आता विंडोज आडवं आलं. एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावानं बोलायचं असा त्याचा दंडक आहे, आणि पाहुण्याच्या नावाची जुनी जोडणी मागे अजून उघडीच होती. नेट यूज ही आज्ञा लिहून त्या जोडण्या बघायच्या, तोडायच्या, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेलं जुनं नाव पुसायचं आणि मग नव्यानं आत यायचं. मॅकवर हीच आठवण कीचेनमध्ये साठते. पासवर्ड बदलल्यावर कितीतरी जणांचं घोडं इथं अडतं. माणसाला वाटतं आपण नवा पासवर्ड दिला, आणि यंत्र आपलं गुपचूप जुनाच पुढं करत असतं.

पिनचंही असंच. विंडोजवर रोज चार आकडी पिन टाकून आत जायची सवय झाली की मूळ पासवर्ड विस्मरणात जातो. मग मॅकवरून त्या संगणकातला फोल्डर उघडताना ती मुलगी तोच पिन पुन्हा पुन्हा टाकत राहते. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. उलट दिशेनं, विंडोजवरून मॅकमध्ये शिरायचं तर मॅकच्या फाइल शेअरिंगच्या पर्यायांत जाऊन त्या माणसाच्या नावापुढं वेगळी खूण करावी लागते, तिथं पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. ती खूण नसेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे कितीतरी लोकांनी धडधाकट विंडोज पुसून नव्यानं टाकलेलं आहे.

ओळख पटल्यावर मग परवानगीचा विषय, आणि इथं दोन कायदे आहेत. युनिक्सचा (लिनक्स आणि मॅक त्याच्याच घराण्यातले) कायदा 1970 च्या दशकातला, बेल लॅब्समधला, आटोपशीर: मालक, गट, इतर, प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाची ओळ बघितली जाते. मालकाला मनाई आणि गटाला मुभा असेल तर मालक स्वतः गटात असूनही अडतो. विंडोजचा कायदा 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएसचा, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीचा. तिथं फाइलगणिक एक यादी असते, यादीत कितीही माणसं आणि गट, प्रत्येकाला बारीकसारीक अधिकार. वाचणं वेगळं, पुसणं वेगळं, मालकी घेणं वेगळं. सगळ्या गटांतून मिळालेले अधिकार एकत्र धरले जातात, पण त्याच यादीत कुठं स्पष्ट नकार लिहिला असेल तर तो सगळ्यांवर भारी पडतो. शिवाय नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन चौक्या पार कराव्या लागतात, एक शेअरची आणि एक डिस्कवरच्या फोल्डरची, आणि दोन्हींपैकी जी जास्त कडक तिचंच चालतं. लोक एका चौकीवर सगळी मुभा देतात आणि दुसरीकडे बघायचं विसरतात. सांबातही तेच: मांडणीत लिहायला हो म्हटलंय, पण खालच्या फोल्डरचे आकडे नाही म्हणतायत.

चौक्यांच्याही आधी रस्ता असतो. एका परिचितांच्या घरी नवं उबुंटू टाकल्यापासून शेअर उघडेना. आकडे बरोबर, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर. फोल्डर त्यांच्या होम फोल्डरच्या आत होता. 21.04 या आवृत्तीपासून उबुंटूनं नव्या खात्यांचे होम फोल्डर इतरांना बंद केले, पूर्वी ते 755 असत, आता 750. म्हणजे खोलीचं दार उघडं, पण तिथवर जाणारा दरवाजाच बंद. नेमआय या आज्ञेला ‘एल’ची जोड दिली की मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीचे मालक आणि आकडे एकाखाली एक दिसतात. वाटेत कुठं अडलंय हे त्यात एका नजरेत कळतं. फोल्डर होमच्या बाहेर एसआरव्ही नावाच्या फोल्डरखाली हलवला, मांडणीतला पत्ता बदलला, झालं.

बाईंचं दुखणं जास्त फसवं होतं. ‘अगं, काल मी तपासून ठेवलेला लेख आज काकांना नुसता वाचता येतोय,’ म्हणाल्या. काल सकाळपर्यंत तो सगळ्यांना लिहिता येत होता. कुणी काही बदललं नव्हतं. मी लिनक्सवर फोल्डरची यादी काढली तर त्या एका फाइलीचा मालक बदललेला, आकडे बदललेले: 744, मालक बाई. बाकीच्या फाइली 664.

वर्ड सेव्ह करतं तेव्हा ते आधीच्या फाइलीतच खाडाखोड करत नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल बनवतं, सगळा मजकूर तिच्यात लिहितं, जुनी काढतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. आपल्याला वाटतं फाइल तीच आहे. लिनक्सच्या दृष्टीनं ती आजच जन्मलेली, बाईंची फाइल असते, आणि सांबा नव्या फाइलीला मुळात 744 पर्यंतच मोकळीक देतो: मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचन. म्हणजे बाई जितकं मन लावून काम करत तितक्या जास्त फाइली काकांना बंद होत जात. हे समजल्यावर मी बाईंना लगेच फोन केला. दोन दिवस त्या स्वतःला दोष देत होत्या, आपण कुठंतरी चुकीचं बटण दाबलं असं म्हणत.

यावरचा उपाय सात-सात-सात नव्हे. अंकाचं काम करणाऱ्यांचा एक गट बनवला. ‘चालू अंक’ फोल्डरची मालकी त्या गटाकडे दिली आणि त्याचे आकडे 2775 केले. पुढचा दोन महत्त्वाचा. त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या गटात न जाता फोल्डरच्या गटात जाते. सांबाच्या मांडणीत नव्या फाइलींसाठी 0664 आणि फोल्डरांसाठी 2775 लिहिलं. आधीच बिघडलेल्या फाइलींचे आकडे एकदा हातानं सुधारले. ‘जुने अंक’ सगळ्यांना फक्त वाचायला. ‘हिशेब’ संपादकबाई आणि हिशेब लिहिणारे, एवढ्या दोघांना, बाकीच्यांना तो दिसतही नाही.

हे सगळं जुळवताना मला नेहमी अँड्र्यू ट्रिजेलची आठवण येते. 1991 च्या डिसेंबरात, कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना, आपल्या डॉसवाल्या पीसीवरून युनिक्सवरच्या फाइली उघडाव्यात एवढ्या साध्या गरजेपोटी त्यानं तारेवरून जाणारे संदेश ऐकायला सुरुवात केली. समोरचा काय विचारतो, उत्तर काय येतं, हे बघत बघत त्यानं ती भाषा उकलली आणि तिला उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचाच पुढं सांबा झाला. एसएमबी ही भाषा मुळात 1983 च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी बनवलेली, पुढं मायक्रोसॉफ्टनं वाढवलेली. सांबाच्या मंडळींनी वर्षानुवर्षं ती अशीच ऐकून ऐकून गाठली. 2004 मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला दंड केला आणि इतरांना जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती द्या असं बजावलं. 2007 मध्ये न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला, आणि त्या डिसेंबरात एका संस्थेमार्फत 10,000 युरो एकदाच भरून सांबाला ती कागदपत्रं मिळाली. टेबलाखालच्या आमच्या जुन्या डबड्यावर काकांची फाइल सेव्ह होते त्यामागं एवढ्या लोकांचे कष्ट आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे.

ओळखीचा मुद्दा सगळ्यात जास्त जाणवला तो आमच्या आधीच्या ऑपरेटरांच्या डिस्कमुळे. ते निवृत्त झाले, त्यांचा संगणक मोडीत निघाला, आतली डिस्क तेवढी आम्ही ठेवली. ती नव्या विंडोजला जोडली तर जुन्या अंकांचे कितीतरी फोल्डर उघडेनात. एका फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’मध्ये गेले. जिथं मालकाचं नाव असायचं तिथं एस-1-5-21 पासून सुरू होणारी आकड्यांची लांबलचक ओळ. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, या नंबरानं ओळखतं. ज्या यंत्रावर तो नंबर म्हणजे कोण हे लिहिलेलं होतं ते यंत्रच राहिलं नाही. लिनक्सचंही हेच आहे, नंबर तेवढा आखूड. उबुंटूवर पहिला माणूस 1000, मॅकवर 501. एका लिनक्सची डिस्क काढून दुसऱ्याला लावा, फाइलींचा मालक तिथला जो कोणी 1000 असेल तो होतो, मग त्याचा त्या फाइलींशी संबंध असो वा नसो.

शेत आपण कसतोय आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, अशी ती स्थिती होती. फेरफार करून घ्यावाच लागतो. विंडोजवर त्याला मालकी घेणं म्हणतात: टेकओन या आज्ञेनं सगळ्या फोल्डरांची मालकी आपल्याकडे घ्यायची, मग आयकॅकल्सनं आतल्या अधिकारांच्या नोंदी नव्यानं लिहायच्या. मी ते केलं. करण्याआधी त्या ऑपरेटरांना फोन करून विचारलं. कायद्यानं त्याची गरज नव्हती. तरी त्या फोल्डरांत त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं होती, आणि काहींत अंकाबाहेरचंही होतं, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचे मसुदे वगैरे. ते वेगळे काढून पेनड्राइव्हवर त्यांच्या घरी पोचवले. तेव्हापासून कुणी काम सोडून जाणार असेल तर खातं पुसण्याआधी त्याच्या फाइलींची मालकी गटाकडे वळवायची, हे मी पक्कं केलंय.

एक प्रकार मात्र परवानगीसारखा दिसतो आणि परवानगीचा नसतो. आपल्या भाषेत काम करणाऱ्यांनी तो जपून ठेवावा. ‘कोऱ्या वह्या’ नावाची फाइल समोर दिसतेय, आणि मांडणीचा प्रोग्रॅम म्हणतो सापडत नाही. एकदा तर याच नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी उभ्या होत्या. ‘कोऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असं जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच. विंडोजवर टाइप केलेलं नाव बहुधा पहिल्या तऱ्हेचं असतं. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं फोडून दुसऱ्या तऱ्हेनं ठेवायची. तिथून झिप करून आणलेल्या फाइली तशाच येतात, आणि लिनक्स बाइट मोजतं: एकीकडे तीन, दुसरीकडे सहा, म्हणजे नावं वेगळी. कॉनव्हीएमव्ही नावाचा छोटा प्रोग्रॅम सगळी नावं एका तऱ्हेवर आणून देतो. दुसऱ्या, चौऱ्याऐंशी, वाऱ्यावर अशी नावं असलेल्या फाइली मॅककडून आल्या की मी तो आधी चालवते.

यंदा कार्यालयात विंडोज 11 प्रोचं नवं यंत्र आलं, 24एच2 आवृत्तीचं. या आवृत्तीत नेटवर्कवरच्या प्रत्येक संदेशावर सही असणं मुळातच सक्तीचं आहे. ती सही पासवर्डातून बनलेल्या किल्लीनं होते. पाहुण्याकडे पासवर्ड नसतो, म्हणून सहीही नसते, म्हणून पाहुणा आत येत नाही. सही बंद करून पाहुण्याला परत आत घेण्याच्या युक्त्या खूप जण सांगतात. मी लिनक्सवरचा पाहुणाच बंद केला. आता इथं नोबडी कुणी नाही.

त्या यंत्रावर बसायला नवा मुलगा आलाय. त्याच्या नावाचं खातं काढून मी त्याला गटात घातलं. ‘ताई, अजून सेव्ह होत नाही,’ तो म्हणाला. तो आधीच आत शिरलेला होता, आणि गटातलं नाव पुढच्या लॉगिनपासून लागू होतं. बाहेर पडून परत यायला सांगितलं. मग त्यानं मुखपृष्ठाची मजकूर-फाइल सेव्ह केली, तीच काकांना उघडून एक शब्द बदलायला लावला, तीच बाईंना, तीच मॅकवरून, आणि पुन्हा त्याला. मी स्वतः अॅडमिन म्हणून तपासत नाही, अॅडमिनला सगळंच उघडतं. फेरी पूर्ण झाली तेव्हा काका म्हणाले, ‘चला, आता मुलाखतीचा फॉर्मा घेऊ,’ आणि कामाला लागले.